बॅटरी चार्जर किती वीज खातो, किती तापतो: तुलना आपल्याच शेडमध्ये कशी करायची

मे महिन्यातली दुपार, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला एक टॉवेल कारखाना. मला बोलावलं होतं ते ‘नवा चार्जर कमजोर निघाला’ म्हणून. जुना लोखंडी खोका फोर्कलिफ्टची बॅटरी नऊ तासांत भरायचा, आणि त्याच्या दुप्पट किमतीचा नवा तेरा तास घेत होता. गाठी उचलण्यात हयात गेलेले गोदामातले अण्णा म्हणाले, “साहेब, जुनाच बरा होता बघा. तापायचा, पण भरायचा.” झाकण उघडलं तर आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये कापसाची रुई गादीत भरल्यासारखी ठासून बसलेली. डोक्यावर पत्रा, आत ४६ अंश. चार्जर कमजोर नव्हता, गुदमरला होता. जीव वाचवायला त्यानं स्वतःच करंट कमी केला होता.

तेव्हापासून कुणी विचारलं की कोणता चार्जर चांगला, तर मी आधी विचारतो: कुठे बसवणार, आणि मोजलं का? पत्रकात लिहिलेली कार्यक्षमता पूर्ण लोडवर, ठरावीक तापमानात काढलेली असते. आपल्याकडे चार्जर रात्रभर त्या लोडवर नसतो आणि शेड कधीच त्या तापमानात नसतं. तुलना आपल्या जागेत, आपल्या बॅटरीवर करावी लागते. एका चार्जरला साधारण एक रात्र लागते, आणि साधनंही फार महागडी नाहीत.

आधी ओळख पटवा

सोलापुरातल्या गोदामांत फिरलं की चार जातींचे चार्जर दिसतात.

सगळ्यात जुना म्हणजे साधा ट्रान्सफॉर्मर आणि डायोडचा, टॅप (गुंडाळीवरची जोडायची जागा) बदलून करंट लावायचा. बॅटरीचा व्होल्टेज चढेल तसा करंट आपोआप उतरतो. हा लाइनच्या व्होल्टेजचा गुलाम असतो. रात्री आसपासचे यंत्रमाग बंद झाले की लाइन चढते, आणि नेमकं बॅटरी भरत आलेली असताना करंट जास्त जातो. सकाळी बॅटरी खदखदत असते त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

दुसरा फेरोरेझोनंट. ट्रान्सफॉर्मरचा गाभा मुद्दाम संपृक्त, म्हणजे आणखी चुंबकत्व मावणार नाही असा ठेवून, कपॅसिटरच्या जोडीनं तो आउटपुट स्थिर ठेवतो. लाइन वरखाली झाली तरी फारसा डळमळत नाही, आत बिघडण्यासारखं फारसं नाही, वीस-वीस वर्षं चालतो. पण गाभा कायम संपृक्त असल्यानं गुणगुणतो आणि तापतो, अगदी बॅटरी नसतानाही. करंट कमी झाला म्हणून गाभ्यातला तोटा कमी होत नाही. त्यामुळे शेवटच्या तीन-चार तासांत त्याची कार्यक्षमता चांगलीच घसरते. पूर्ण लोडवर ८५ ते ९० टक्के दिसणारा चार्जर पूर्ण रात्रीच्या सरासरीत त्याखाली येतो.

तिसरा एससीआरचा, म्हणजे थायरिस्टर, हव्या त्या क्षणी चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच. यात करंट हवा तसा लावता येतो. पण तो साइन वेव्हचा तुकडा कापून करंट आवरतो, म्हणून करंट कमी केला की पॉवर फॅक्टर (लाइनमधून ओढलेल्यापैकी कामाला येणारा वाटा) पडतो आणि हार्मोनिक्स (लाइनची लाट बिघडवणारे जादा फ्रिक्वेन्सीचे करंट) वाढतात. आउटपुटमध्ये रिपल, म्हणजे डीसीवरची लहर, तीही जास्त. हा रिपल बॅटरीला भरत नाही, फक्त तापवतो.

चौथा हाय-फ्रिक्वेन्सी. आलेली लाइन आधी डीसी करून आयजीबीटी किंवा मॉसफेट या वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विचनं सेकंदाला हजारो वेळा तोडायची, छोट्या फेराइट ट्रान्सफॉर्मरमधून काढायची. वजन निम्म्याहून कमी, कार्यक्षमता ९० ते ९५ टक्के, आणि पॉवर फॅक्टर सुधारणा आत असेल तर तो ०.९५ च्या वर. त्याची कमजोरी तुम्ही वर वाचलीच: रुई, धूळ, उष्णता. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावर वीज कडाडून लाइनमध्ये उसळी आली की फेरोरेझोनंटला काही वाटत नाही, याचं कार्ड जातं. पॅनेलमध्ये सर्ज प्रोटेक्शन नसेल तर तो खर्चही हिशोबात धरा.

साहित्य

सब-मीटर लागेल, युनिट आणि केव्हीएएच (कामाला न आलेला करंटही धरून ओढलेली वीज) दोन्ही दाखवणारा. क्लॅम्प मीटर ‘ट्रू आरएमएस’च, म्हणजे बिघडलेल्या लाटेचंही खरं मूल्य दाखवणारा घ्या आणि त्यावर डीसी करंट मोजता यायला हवा. एससीआर चार्जरचा इनपुट करंट वेडावाकडा असतो, साधा मीटर तिथे बिनधास्त खोटं बोलतो. ॲसिडची घनता मोजायला हायड्रोमीटर, अल्कोहोलचा काचेचा थर्मामीटर (पाऱ्याचा नको, सेलमध्ये फुटला तर सेल गेला) आणि आयआर थर्मामीटर. आयआर गन चकचकीत ॲल्युमिनियमवर धरली की तापमान फारच कमी दाखवते. मोजायच्या जागेवर काळ्या पीव्हीसी टेपचा तुकडा चिकटवा आणि त्या टेपवर गन धरा. एवढ्या टेपनं कितीतरी वाद मिटतात.

चष्मा, ॲसिडचे हातमोजे आणि जवळ पाण्याची बादली हे सांगायला लागू नये, पण सांगतो. हातात कडं, अंगठी, धातूचा पट्टा नको. बॅटरीच्या टर्मिनलवर पाना आडवा पडला की काय होतं हे एकदा पाहिलेला माणूस पुन्हा कधी विसरत नाही.

दोन्ही चार्जरना सारखीच परीक्षा

तुलना बिघडते ती इथेच. एक चार्जर अर्ध्या भरलेल्या बॅटरीवर तपासायचा आणि दुसरा रिकाम्या बॅटरीवर, मग म्हणायचं की हा कमी वीज खातो.

बॅटरी एकच ठेवा. गाडी रोजच्यासारखी चालवून ती साधारण ८० टक्के उतरवा. पूर्ण भरलेल्या ट्रॅक्शन (गाडी ओढणाऱ्या) बॅटरीतल्या ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे घनता, २७ अंशांना १.२८० च्या आसपास असते, ८० टक्के उतरल्यावर १.१४ च्या जवळ येते. तापमानाची दुरुस्ती करा: २७ च्या वरच्या प्रत्येक अंशाला वाचनात ०.०००७ मिळवायचे. ४२ अंशांवर मोजलं तर वाचनापेक्षा खरी ग्रॅव्हिटी ०.०१० नं जास्त असते. ही दुरुस्ती न करता उन्हाळ्यात ‘बॅटरी भरतच नाही’ म्हणत रात्रभर जास्त चार्ज करणारे मी पाहिलेत.

गाडी थांबल्यावर बॅटरी दोन-तीन तास थंड होऊ द्या. मधल्या भागातला एक सेल ‘पायलट’ ठरवा. कडेचे सेल लवकर थंड होतात, त्यांच्यावर विसंबू नका. पायलट सेल ४५ अंशांच्या वर असेल तर चार्जिंग सुरूच करायचं नाही. चार्जिंग चालू असताना ५५ ही शेवटची रेघ, त्याआधीच बंद करा.

मग चार्जर लावा आणि दर अर्ध्या तासाला वहीत लिहा: इनपुट युनिट, केव्हीएएच, आउटपुट व्होल्ट, आउटपुट अँपिअर, पायलट सेलचं तापमान, खोलीचं तापमान, चार्जरमधून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान. रात्रपाळीच्या माणसाला हे लिहायला सांगाल तर तो सकाळी एका दमात सगळे आकडे भरून ठेवेल. निदान पहिल्या रात्री स्वतः बसा. शेवटचे तीन तास तरी नक्की बसा, कारण खरी चोरी तिथेच होते.

गणित

समजा बॅटरी ४८ व्होल्ट ५०० एएचची (अँपिअर-तासांची) आहे. सेल २४. ८० टक्के उतरवली म्हणजे ४०० एएच काढले. काम करताना सरासरी ४७ व्होल्ट धरला तर गाडीला मिळाली अंदाजे १८.८ युनिट.

आता ती परत भरायची. लेड-ॲसिडमध्ये काढले तेवढेच एएच घालून भागत नाही. शेवटी पाण्याचं विघटन होतं, त्यात काही एएच वाया जातात. जुन्या पद्धतीत ११५ ते १२० टक्के घालावे लागतात. चार्जर हुशार असेल, शेवटचा टप्पा मोजून-मापून देत असेल, तर ११० वर भागतं. ॲसिड ढवळायला आत हवा सोडणारी सोय असेल तर त्याच्याही खाली येतं.

जुना चार्जर: ४०० चे ११८ टक्के म्हणजे ४७२ एएच, सरासरी ५७ व्होल्टनं जवळजवळ २६.९ युनिट बॅटरीत गेली. रात्रभराची सरासरी कार्यक्षमता ८२ टक्के धरली तर मीटरवर ३२.८ युनिट.

हाय-फ्रिक्वेन्सी: ४४० एएच, म्हणजे २५.१ युनिट बॅटरीत. ९३ टक्क्यांनी मीटरवर २७ युनिट.

एका चार्जिंगला ५.८ युनिटचा फरक. वर्षाला ३०० चार्जिंग धरली तर १,७४० युनिट. युनिट ९ रुपयांचं धरलं तर पंधरा हजार सहाशेच्या आसपास, एका बॅटरीमागे. तुमच्या बिलावरचा दर घालून पुन्हा करा.

या ५.८ युनिटचे दोन भाग करून बघा. फक्त चार्जर बदलला आणि ११८ टक्के तसंच ठेवलं, तर ३.९ युनिट वाचतात. जुनाच चार्जर ठेवला आणि फक्त ११८ चे ११० केले, म्हणजे वेळेवर बंद होणारा टायमर किंवा कंट्रोल कार्ड बसवलं, तर २.२ युनिट वाचतात. ज्याच्याकडे नवा चार्जर घ्यायला आज पैसे नाहीत, त्यानं या दुसऱ्या आकड्याकडे नीट बघावं. सगळा तोटा डब्यात नसतो, सवयीतही असतो.

लिथियम, म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी घेतली तर तीच १८.८ युनिट गाडीला द्यायला बॅटरीची ९५ आणि चार्जरची ९४ टक्के धरून मीटरवर २१ युनिट लागतात. इथे जास्तीचे एएच घालायची भानगडच नाही.

बिलाची दुसरी बाजू केव्हीएएचची. तुमची जोडणी केव्हीएएचवर आकारली जात असेल तर ४ किलोवॉट घेणारा चार्जर ०.७ पॉवर फॅक्टरला ५.७ केव्हीए ओढतो, ०.९८ ला ४.१. कारखान्यात कपॅसिटर बँक असेल तर फरक थोडा झाकला जातो. पण एससीआर चार्जरच्या हार्मोनिक्समुळे कपॅसिटरच तापून फुगू लागतात. कपॅसिटर वारंवार जात असतील तर इलेक्ट्रिशियनला दोष देण्याआधी चार्जर किती आणि कोणते आहेत ते मोजा.

उष्णता जाते कुठे

वरचं जुन्या चार्जरचं उदाहरण घ्या. मीटरवर ३२.८, गाडीला १८.८. मधले १४ युनिट गेले कुठे? साधारण ५.९ चार्जरमध्ये तापण्यात, उरलेले बॅटरीत. बॅटरीतला सगळाच तोटा उष्णता होत नाही, काही भाग हायड्रोजन बनून उडून जातो आणि काही गाडी चालताना बाहेर पडतो. तरी ढोबळ मानानं एका चार्जिंगमागे खोलीत फार तर १.४ किलोवॉटचा हीटर दहा तास चालू ठेवल्यासारखं होतं. चार गाड्या असतील तर चार हीटर. वर सोलापूरचा मे महिना, ४२-४३ अंश, आणि पत्रा.

बॅटरीचं आयुष्य तापमानावर कसं अवलंबून असतं याचा ढोबळ नियम असा: दर १० अंश वाढीला आयुष्य निम्मं. म्हणून चार्जरची उष्णता ही फक्त बिलाची गोष्ट नाही. ती शेजारच्या बॅटरीला भाजते, आणि बॅटरीची किंमत चार्जरपेक्षा जास्त असते. जागा असेल तर चार्जर आणि बॅटऱ्या एकाच कोपऱ्यात कोंबू नका. चार्जर खोलीबाहेर आणि केबल आत ठेवणं बऱ्याचदा जमतं.

हवा किती लागते त्याचं सोपं माप: एक किलोवॉट उष्णता, हवा १० अंशांनी तापू देत बाहेर काढायची तर ताशी ३०० घनमीटर हवा. चार गाड्यांचे ५.६ किलोवॉट म्हणजे ताशी १,७०० घनमीटर. वाढ फक्त ५ अंशांवर रोखायची तर ३,४००.

हायड्रोजनचं गणित वेगळं करतात: सेलची संख्या गुणिले शेवटचा करंट गुणिले ०.०५, उत्तर ताशी घनमीटरमध्ये. २४ सेल, २० अँपिअर म्हणजे २४ घनमीटर, चार बॅटऱ्यांना ९६. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की तो पेट घेऊ शकतो, म्हणून ही हवा वरून, छताच्या सर्वांत उंच जागेतून निघाली पाहिजे. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कळतं: उष्णता काढायची सोय केली तर हायड्रोजनची आपोआप होते, उलट होत नाही. फक्त गॅस छताशी अडकणार नाही एवढं बघा, आणि त्या वाटेवरचा पंखा ठिणगी न उडणारा असू द्या.

तापमानाची दुरुस्ती: इथे बहुतेक चार्जर नापास होतात

बॅटरी गरम झाली की कमी व्होल्टेजवरच गॅस सोडू लागते. दर सेलला दर अंशामागे साधारण ४ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. बॅटरी २७ ऐवजी ४० अंशांवर असेल तर १३ अंश, ४ मिलिव्होल्ट, २४ सेल: सव्वा व्होल्ट. जो चार्जर ५७.६ व्होल्टला टप्पा बदलतो, त्यानं ५६.३५ लाच बदलला पाहिजे. बॅटरीला सेन्सर न लावलेला चार्जर हे करत नाही. तो बॅटरी आणखी तापवतो, गरम बॅटरी आणखी करंट ओढते, आणि हे चक्र सकाळपर्यंत चालतं. मे महिन्यात पाणी दुप्पट लागतं ते यामुळे.

चार्जर विकत घेताना हा एकच प्रश्न आधी विचारा: तापमानाचा सेन्सर बॅटरीत बसतो का? ‘चार्जरच्या आत आहे’ असं उत्तर आलं तर तो चार्जरला वाचवणारा सेन्सर आहे, बॅटरीला नाही.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर: डिस्टिल्ड किंवा डीएम पाणी, आणि चार्जिंग झाल्यावरच. आधी टाकलं की ॲसिड फुगून वरून सांडतं. बोअरचं तर नाहीच, पण ‘आरओचं चालेल ना?’ यालाही नाहीच.

जोडण्या

चार्जर ९३ टक्के आणि प्लगची पिन सैल, असं असेल तर काय उपयोग? ५ मिलिओहमचा रोध असलेल्या जोडातून ७० अँपिअर गेले की २४.५ वॉट तिथल्या तिथे पेटतात. आकडा छोटा वाटतो, पण अंगठ्याएवढ्या जागेत तेवढ्यात प्लॅस्टिक वितळतं. चार्जिंग सुरू होऊन अर्ध्या तासानं प्रत्येक प्लग, लग आणि टर्मिनलवर टेप लावून गन धरा. शेजारच्या जोडापेक्षा १० अंशांनी जास्त असेल तो जोड उघडून साफ करा, पिन बदला.

रुईचा बंदोबस्त

ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या विक्रेत्याला सांगून पटत नाही. टॉवेल-चादरीच्या कारखान्यात हवेतच रुई असते. हाय-फ्रिक्वेन्सी चार्जर घ्यायचा तर पंख्यासमोरची जाळी बाहेरून काढून धुता येते का बघा. आठवड्याला जाळी, महिन्याला आतली सफाई. आतली सफाई करताना लाइन काढा, बॅटरी काढा, कपॅसिटर उतरायला दहा मिनिटं थांबा. कॉम्प्रेसरची हवा उलट दिशेनं, म्हणजे आतून बाहेर मारा आणि पंखा बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून त्याचे बेअरिंग जातात. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी येत असेल तर तसंच मारू नका.

बहुतेक चार्जर ४० अंशांपर्यंत पूर्ण क्षमतेनं चालतील असे बांधलेले असतात. त्यापुढे ते करंट उतरवतात. अण्णांच्या चार्जरचं हेच झालं होतं. रुई काढली, चार्जर पत्र्याखालून भिंतीच्या सावलीत हलवला. तेरा तासांवरून तो साडेआठवर आला.

मग घ्यायचा कोणता

एक पाळी, दोन स्टॅकर, रात्र मोकळी: जुना फेरोरेझोनंट धडधाकट असेल तर त्याला हात लावू नका. टायमर लावा, जोडण्या नीट करा, बॅटरी नसताना एमसीबी पाडा. साप्ताहिक सुट्टीला तो उगाच गुणगुणत बसतो, तेवढी वीज वाचेल.

दोन पाळ्या: हाय-फ्रिक्वेन्सी, बॅटरीत सेन्सरसह. इथे पैसे परत येतात, शंका नको.

एससीआर मी नव्यानं घ्यायला सांगत नाही. ज्याच्याकडे आहे त्यानं करंट सेटिंग फार खाली ठेवून रात्रभर चालवू नये, पॉवर फॅक्टर तिथेच सर्वांत वाईट असतो.

तीन पाळ्या: लिथियमचा विचार करा, मधल्या सुट्टीत चार्ज करता येतं, बॅटरी बदलत बसावं लागत नाही. पण एक गोष्ट विक्रेत्याकडून लिहून घ्या. बहुतेक लिथियम बॅटऱ्यांची बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारी आतली यंत्रणा) सेल ४५ अंशांच्या आसपास गेला की चार्जिंग थांबवते. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, मे महिन्यात, पत्र्याखाली, तासभर राबून आलेली बॅटरी या आकड्यापासून किती लांब असेल? मधल्या सुट्टीतलं चार्जिंग सावलीत, हवेशीर जागी होईल अशी व्यवस्था आधी करा, मग ऑर्डर द्या. आणि लेड-ॲसिडचा जुना चार्जर लिथियमला जोडायचा विचार मनातही आणू नका. चार्जर त्या बॅटरीच्या बीएमएसशी बोलणाराच हवा.

शेवटी, ही परीक्षा एकदा डिसेंबरात आणि एकदा मे महिन्यात करा, त्याच बॅटरीवर, त्याच वहीत. मे महिन्यातलं पान उलटताना तापमानाचा रकाना आधी वाचा, युनिटचा नंतर.